उजवीकडची

"सोबत कोण आहे?"

"खाली आहेत. गाडी लावतायत."

गाडी नाही. लावणारं कोणी नाही. खिडकीमागच्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत बसवलं. मी जिन्याकडे बघत उभी राहिले, जसं काही खरंच कोणी धापा टाकत वर येणार होतं. थापही अशी मारते मी, की मीच वाट बघत बसते.

बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "ताई, औषध चढवताना सोबत माणूस लागतं. मध्येच काही झालं तर मी हाक कोणाला मारू?"

"येतीलच."

आले नाहीत. बाकडी भरली, रिकामी झाली. शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. "आजचा डोस पुढच्या मंगळवारी घेऊ. पण तो चुकवायचा नाही हं. आपण थांबलो तरी तो थांबत नाही."

तो. सगळे त्याला तो म्हणतात. बहीण 'ते तुझं' म्हणते. मी काहीच म्हणत नाही.

पहिल्या डोसला बहीण आली होती. आता तिचाच पाय प्लास्टरमध्ये आहे. फोनवर ती रडते आणि मी तिला समजावते. घरी मामंजी, म्हणजे माझे सासरे. नवरा गेल्यापासून आम्ही दोघंच. त्यांना ऐकू कमी येतं, जिना उतरवत नाही. त्यांना सांगून ठेवलंय की माझं दाताचं काम चालू आहे.

मंगळवार. माणूस. एक माणूस हवंय, बस.

*

आमच्या कारखान्यात शाळेचे शर्ट शिवतात. तिथे नावं कोणाला लागत नाहीत. जी जे शिवते, ती ते. कॉलर म्हणजे सगळ्यात जुनी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड कात्रीसारखं. काज म्हणजे माझ्या उजवीकडची. लग्न जमत नाही म्हणून घरचे वैतागलेले, ती स्वतः मजेत. कापड बेतून देतात त्या मास्तरीणबाई. कोण कुठल्या मशीनवर बसणार ते त्याच ठरवतात.

मी खिसा. डाव्या छातीवरचा.

दिवसभर डाव्या छातीवर खिसे लावते आणि गाठ नेमकी माझ्या खिशाखाली निघाली. यात विनोद आहे. तो मला एकटीलाच कळतो, आणि सांगायची सोय नाही.

गाठ हा तर आमचा रोजचाच शब्द. मशीनच्या पोटात, बॉबिनपाशी, धागा गुंतून गोळा होतो. सुई अडते, कापड खाली ओढलं जातं. अशा वेळी जिच्या हातात कापड आहे तिने हात काढायचा नाही. ओढायचं तर मुळीच नाही, ओढलं की फाटलं. नुसतं ओरडायचं: गाठ! की तिच्या उजवीकडची उठते, वाकते, धागे कापून मोकळं करते. उजवीकडचीच का? कोणाला माहीत. कॉलर कामाला लागली तेव्हाही असंच होतं म्हणे. उठणारी काही विचारत नाही, कुरकुरत नाही. शिंक यावी तशी उठते.

ती गाठ ओरडून सांगता येते.

*

केस.

गेल्या आठवड्यात काजने माझा एक शर्ट उजेडात धरला. "अगं बाई! खिशाच्या शिलाईत हे काय? अख्खा केस शिवून टाकलास की. पोराला आठवण म्हणून का?"

"तेल लाव डोक्याला," कॉलर मान वर न करता म्हणाली. "नाहीतर उद्या टक्कल घेऊन फिरशील."

सगळ्या हसल्या. मीही. मोठ्याने हसले, जरा जास्तच वेळ हसले. मग तो केस उसवून काढला. टाक्यात असा पक्का बसला होता, माझ्या डोक्यात बसला नव्हता तसा. दुसऱ्या दिवसापासून रुमाल बांधून यायला लागले. सांगितलं, धूळ फार आहे.

*

रविवार दुपार. मामंजी खिडकीशी पेपर वाचतायत. मी पलंगावर फोन घेऊन. आमच्या ग्रुपचं नाव 'शिलाई'. त्यावर शेवटचं काय आलंय? काजने टाकलेला, पातेल्यात झोपलेल्या मांजराचा फोटो. त्याच्याखाली मी हे लिहायचं.

नमस्कार मैत्रिणींनो

पुसलं. आम्ही एकमेकींना मैत्रीण कधी म्हटलंय?

मला तुम्हाला एक सांगायचं होतं

पुसलं. अशी सुरुवात केली की आधी कोण गेलं तेच विचारतात.

मला कॅ

फोनने स्वतःहून 'कॅलेंडर' सुचवलं. पुसलं.

मंगळवारी कोणाला रजा घेता येईल का, खास काही नाही

खास काही नाही! पुसलं, पुसलं.

फोनची काच पदराला पुसली. भीती कसली एवढी, म्हणून स्वतःलाच विचारलं. उत्तरं आली ती अशी:

की सांगितलं तर खरं होईल. आत्ता ते फक्त हॉस्पिटलात असतं. मी जिना उतरते आणि ते तिथेच राहतं. सांगितलं की ते कारखान्यात येऊन माझ्या स्टुलावर बसेल.

की मास्तरीणबाई माझं मशीन दुसरीला देतील, तेही गोड बोलून. "तू आराम कर गं."

की सगळ्या माझ्या छातीकडे बघतील, आणि बघत नाही असं दाखवतील.

आणि या सगळ्यांच्या खाली, बॉबिनपाशी, ही: विचारलं आणि कोणीच आलं नाही तर? आत्ता निदान म्हणता येतं की मी विचारलं नाही.

मामंजींनी पेपरचं पान उलटलं. तो आवाज झाला तेवढ्यात मी लिहिलं:

गाठ आली आहे. एकटीला जमत नाहीये. मंगळवारी सकाळी कोणी येईल का?

आणि बोट लागलं. लागलं की मी लावलं, देव जाणे. गेलं.

*

आलेलं:

कॉलर: ओढू नकोस

काज: कुठे, घरच्या मशीनवर??

कॉलर: सुई वर घे आधी. तेल कधी घातलं होतंस

मास्तरीणबाई: घरी बाहेरची कामं घेतेस की काय गं?

काज: मंगळवार कशाला ताई, एवढे दिवस काय गाठ तशीच ठेवणार? वाढेल ना

वाढेल ना.

काज: आत्ता येते. कॉलर मावशींना पण उचलते

नको नको असं लिहीपर्यंत त्यांची स्कूटर निघालीसुद्धा असणार. नको कसं लिहू? माणूसच तर मागितलं होतं.

*

कॉलरने पिशवीतून तेलाची बुधली काढली, स्क्रू ड्रायव्हर काढला. काजच्या हातात चिमटा.

"या पोरींनो," मामंजी खूश झाले. आमच्याकडे कोण येतंय? "दाताचं बघायला आलात होय?"

"दाताचं नाही, धाग्याचं!" कॉलर ओरडली.

"हां, हां. अक्कलदाढच असेल."

काज तोंडावर हात ठेवून हसली आणि माझ्या उजवीकडे पलंगावर बसली. कॉलर गुडघे मोडत खाली बसली, कोपऱ्यातल्या माझ्या मशीनची पट्टी काढली, बॉबिन काढलं, फुंकर मारली. मी पंख्याखाली बसून घामाघूम.

"स्वच्छ आहे की गं. गाठ कुठाय?"

"आहे."

"अगं पण कुठे?"

मी हात खिशाच्या जागी ठेवला. कॉलरचं डोकं मशीनखाली. काजने बघितलं, आणि म्हणाली, "धडधडतंय का ताई? एवढं काय घाबरायचं, मशीनच तर आहे. नाही सुटली तर भंगारात."

"इथे आहे," मी म्हणाले.

"काय?" मामंजी म्हणाले. "काय म्हणाली ती?"

"मोठ्याने बोल बाई," कॉलर खालून म्हणाली. "मला तरी कुठे ऐकू आलं? हा पंखा आहे का गिरणी?"

किती दिवस मी हे हळू आवाजात सांगायची तयारी करत होते! आरशासमोर, नळ सोडून, ओठांतल्या ओठांत. ओरडून सांगायची तयारी केलीच नव्हती. पण ओरडायची एकच रीत मला माहीत होती, आणि तोंड उघडलं तेव्हा तीच बाहेर पडली.

"गाठ!"

काज उठली. काही कळायच्या आत उठली, चिमटा धरून, अर्धी वाकलेली, जशी दिवसातून कितीदा तरी उठते.

"छातीत आहे. कॅन्सर आहे. मंगळवारी औषध चढवायचंय. सोबत माणूस नसेल तर ते चढवत नाहीत."

पंखा फिरत राहिला. कॉलरच्या बुधलीतून तेलाचा थेंब फरशीवर पडला आणि तिने तो पुसला नाही. कॉलर आणि न पुसलेला थेंब! तेव्हा मला खरी भीती वाटली.

काज तशीच वाकलेली. चिमटा माझ्या दिशेने. "चि... चिकटत नाही ना हे?" तिने विचारलं.

कॉलरने बसल्या जागेवरून तिच्या पोटरीवर फटका मारला.

"विचारलं फक्त!" काजचे डोळे भरले. "मला काय माहीत? मला कोण काय सांगतं?"

"नाही चिकटत," मी म्हणाले.

मामंजींनी पेपरची घडी घातली. मग त्या घडीची अजून एक घडी घातली. "दात म्हणाली होतीस."

"हो."

"मी रोज विचारायचो, दुखतंय का. तू म्हणायचीस, थोडंसं."

ते घडीवर घडी घालत राहिले, कागद मुडपेना तोवर.

कॉलर टेबलाला धरून उभी राहिली. चष्मा काढून डोळे नाही पुसले तिने, चष्माच पुसला. "मास्तरीणबाईंना मी बघते. तुझ्या मशीनवर दुसरी बसली तर माझी कॉलर त्यांच्या गळ्यात बसेल. पण मंगळवारी मी नाही येऊ शकत. सुनेचे दिवस भरलेत, कधी पळावं लागेल नेम नाही." मग ती काजकडे वळली. "तू जा."

"मी?" काज सरळ झाली. "मावशी, मला सुई बघवत नाही. चक्कर येते मला."

"दिवसभर सुईपुढे बसतेस!"

"ती कापडात जाते!"

"उठलीस ना पण?"

"मी गाठीसाठी उठले!"

"मग ही काय आहे?"

काजने चिमट्याकडे बघितलं. तो कुठे ठेवावा तेच तिला कळत नव्हतं. जाताना हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. चप्पल उलटी घातली, परत सुलटी घातली, आणि गेली.

*

सोमवारी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. काजं पाडत राहिली, कडक मानेने. मी विचारलं नाही. एकदा विचारलं होतं. पुन्हा विचारायचं बळ माझ्यात नव्हतं.

*

"सोबत कोण आहे?"

मंगळवार. तीच खिडकी, तेच पेन. मी जिन्याकडे बघितलं. तोंडात तीच थाप तयार होती, खाली आहेत, गाडी

"आले, आले!" खरंच धापा टाकत. हेल्मेट डोक्यावर तसंच. "गाडी लावायला जागाच नाही तुमच्याकडे. मी आहे सोबत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "नातं?"

काजने हेल्मेट काढलं. "उजवीकडची," ती म्हणाली.

"म्हणजे शेजारी?"

"शेजारीच लिहा. पण उजवीकडची."

आत खुर्चीवर मला टेकवलं. नर्सने ट्रे आणला. झाकण उघडायच्या आतच काज पांढरी पडली. "सुई कुठल्या हातात?"

"उजव्याच," नर्स म्हणाली. "डावा गाठीच्या बाजूचा, तो वापरायचा नाही. तुम्ही याच बाजूला बसा, हलल्या तर धरा."

"आलेच हं मी," असं म्हणून काज बाहेर गेली.

नर्स थांबली. दार नुसतं हलत होतं, आत, बाहेर. मग हलायचंही थांबलं. नर्सने घड्याळाकडे बघितलं नाही, पण बघायचं टाळलं, ते मला दिसलं. मला वाटलं, गेली. मला वाटलं, बरोबर आहे, मीही गेले असते. माझ्या पायांनाही तेच वाटत होतं; ते खुर्चीखाली चपला शोधायला लागले होते. इथून उठावं, जिना उतरावा, ते इथेच राहू द्यावं. घरी जाऊन म्हणावं, मामंजी, दातच होता.

"सुरू करायचं का? का थांबू अजून?" नर्सने विचारलं.

दार हललं. काज आली. तोंडावरून पाणी ओघळत होतं, पुढचे केस ओले, ओढणीला उलटीचा डाग. तिने स्टूल ओढलं, माझ्या उजवीकडे ठेवलं, बसली आणि डोळे गच्च मिटून घेतले. मग आंधळ्यासारखं चाचपत माझं मनगट शोधलं आणि दोन्ही हातांनी धरलं. तिचे हात माझ्याहून गार होते.

"हात काढायचा नाही," ती म्हणाली. "ओढायचं नाही."

सुई टेकली. आम्ही दोघी थरथरलो, कोण जास्त ते सांगता येणार नाही.

"झालं का ताई?"

"नाही."

"आता?"

"नाही गं. डोळे उघडू नकोस."