जिवंत कौल

त्या सकाळी आमच्या म्हसोबासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. बोरीपासून कोसभर अंतरावरील आमच्या वस्तीत एवढा जनसमुदाय पूर्वी केवळ निवडणुकीच्या सभेला जमला होता, आणि त्या सभेत जेवण होते. येथे जेवण नव्हते. येथे एक माणूस पडणार होता.

"आला, आला! कौल आला!" अशी आरोळी उठली. दोन तरुणांनी काखेत हात घालून मुंजाजीला आणले व देवासमोरच्या ओट्यावर उभे केले.

सदर मुंजाजी गतवर्षीपर्यंत ऊसतोडीतला पट्टीचा कामगार होता. उसाने भरलेल्या ट्रकवरून तो खाली पडला आणि डोक्याची मागची डावी बाजू दगडावर आदळली. प्राण वाचले, बुद्धी शाबूत राहिली. परंतु तोल गेला. चालताना झोकांड्या जात. पाण्याचा पेला ओठांशी येताच हात थरथरू लागे. जीभ इतकी जड झाली की त्याचे बोलणे पत्नी रुख्मिणीवाचून कुणास कळेना. परभणीच्या डॉक्टरांनी काठी दिली, भिंत धरून करावयाचे व्यायाम शिकवले आणि वरचेवर दाखवायला या असे बजावले.

हे म्हणणे त्याची आई धुरपदाबाई हिला पटले नाही. अशा समयी देवगाव फाट्याकडून भागवत महाराज नामक गृहस्थ अवतरले. झुलणारा मुंजाजी पाहताच ते उद्गारले, "म्हातारे, ह्यो आजार न्हाई. तुज्या पोराच्या अंगात देव डुलायलाय!"

आमच्याकडे ऊसतोडीला निघण्यापूर्वी म्हसोबाला कौल लावण्याची प्रथा आहे. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवतात. देवाच्या उजवीकडचे फूल आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. महाराजांनी फुले काढून टाकली व त्यांच्या जागी माणूस उभा केला. त्याने पाय जुळवावेत, डोळे मिटावेत आणि पडावे. देवाच्या उजवीकडे पडला तर होय, डावीकडे पडला तर नाही.

"फूल सुकतंय, शिळं व्हतंय," महाराज गर्जले. "ह्यो कौल ताजा! चांगल्या कामाला देवाकडं तोंड, संशयाच्या कामाला देवाकडं पाठ. इचारा, लाजू नका!"

टोळीचा मुकादम सुग्रीव बोकड घेऊन पुढे आला. "म्हाराज, औंदा टोळी सांगलीकडं न्यावी का?"

महाराजांनी बोकडाकडे वात्सल्याने पाहिले आणि मुंजाजीचे तोंड देवाकडे केले. मुंजाजीने डोळे मिटले. तो डुलला, कलला आणि उपटलेल्या खांबासारखा कोसळला.

"देवाचं उजवं! होकार!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पडल्या पडल्या मुंजाजी काही पुटपुटला.

"देववाणी!" महाराज म्हणाले. "देव म्हणायलाय, समदे सुखी ऱ्हावा."

"न्हाई वो! ते म्हणायलेत, माजी काठी द्या," रुख्मिणी ओरडली.

लोक खदखदून हसले. काठी तर महाराजांनी पहिल्याच दिवशी चुलीत घातली होती. काठी धरली की देव रुसतो, व्यायाम केला की देव निघून जातो, असा त्यांचा सिद्धांत होता. आणि देव पुरता प्रसन्न झाला की पाय आपोआप परत येतील, असे आश्वासनही होते. त्या आशेवर मुंजाजी रोज पडत होता.

रुख्मिणीने हात जोडले. "म्हाराज, ह्यांना परभणीला न्यायचंय. आदी भिंत धरून ओसरीभर चालत व्हते. आता बसल्या जागेवरून उठता येईना."

"न्ये की बाई! पर देवाला इचारून न्ये."

मुंजाजीची पाठ देवाकडे करण्यात आली. तो पडला. देवाचे डावे. नकार!

"आन् हिनंच करणी केली का, तेबी इचारा!" धुरपदाबाई पुढे सरसावली. "दोगं जोडीनं गेलते उसाला. ही धडधाकट माघारी आली, आन् माजंच लेकरू असं कसं?"

महाराजांनी मुंजाजीला पुन्हा देवाकडे वळवले. पडला. देवाचे उजवे. होकार!

धुरपदाबाईने सुनेचे केस धरले. "नीघ माज्या घरातून! पोराला हात लावशील तर बघ!" दोघी-तिघींनी पायातल्या चपला काढल्या. रुख्मिणी एकदा गावाबाहेर गेली असती, तर मुंजाजीला दवाखाना दाखवणारे आमच्या गावात दुसरे कुणीही नव्हते. ओट्यावर आडवा पडलेला मुंजाजी तोंड उघडून काही ओरडत होता. त्याच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

"थांबा!" शाळेचे सिद्धोधन गुरुजी गर्दीतून पुढे आले. "मलाही कौल लावायचाय."

"गुर्जी, तुमी तर देव मानत न्हाईत!"

"पटलं तर उद्या मीच नारळ फोडतो. प्रश्न हाच, करणीचा. फक्त मुंजाजी देवाकडं पाठ करून उभा राहील."

"तसं चालत न्हाई," महाराज घाईने म्हणाले.

"का बरं? संशयाच्या कामाला पाठ, हे तुम्हीच सांगितलं. का करणी हे चांगलं काम आहे?"

लोकांत खसखस पिकली. सुग्रीव मुकादम म्हणाला, "बराबर हाय. फिरवा की वो म्हाराज, देव काय पळून जायलाय?"

मुंजाजीला फिरवून उभे केले. तो डुलू लागला. त्याला धरण्यासाठी एकही हात पुढे झाला नाही, कारण सर्वांचे डोळे दिशेकडे लागले होते. तो ओट्याच्या कडेवर कोसळला आणि कपाळ दगडावर आपटल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"डावं! नकार!" लोक ओरडले. आणि मग त्यांच्या ध्यानात आले. एकाच प्रश्नाला देवाने होय व नाही ही दोन्ही उत्तरे दिली होती.

गुरुजींनी मुंजाजीची बाही उचलून दाखवली. "हा सदरा बघा. डावी बाही फाटलीय, आतलं कोपर सोललंय. उजव्या बाहीवर परवाची हळद जशीच्या तशी. हा माणूस दर वेळी स्वतःच्या डाव्या अंगालाच पडतो. मेंदूच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणारा भाग असतो. याचा तो डावीकडं दुखावलाय. पाय जुळवून, डोळे मिटवून उभा केला की तो पडणारच. सुग्रीवराव, या, माझ्यासमोर उभे राहा. माझा डावा हात तुमच्या कुठल्या बाजूला आला?"

"माज्या उजव्या."

"आणि मी तुमच्याकडं पाठ केली तर?"

"डाव्या," मुकादम म्हणाला, आणि त्याचे तोंड उघडेच राहिले.

"होकार पाहिजे तर तोंड, नकार पाहिजे तर पाठ. महाराज नुसता माणूस फिरवत होते."

रुख्मिणी नवऱ्याच्या कपाळावर पदर दाबून बसली होती. तिने वर पाहिले. "तुमचं खरं ठरलं न्हवं, गुर्जी? मंग आता उचला ह्यांना."

गुरुजींची मान खाली गेली. त्यांनी मुंजाजीच्या काखेत हात घातला.

भागवत महाराज चपला शोधण्याच्या निमित्ताने खाली उतरले ते मोटारसायकलच्या आवाजासह अंतर्धान पावले. बोकड मागे राहिला.

"म्हंजी माज्या लेकात देव न्हवताच?" धुरपदाबाईने विचारले.

"नाही, मावशी. मार लागलाय त्याला."

"मंग आता काय ऱ्हायलं त्याच्यात?" असे म्हणून ती तोंड फिरवून घराकडे चालू लागली.

गर्दीतून कुणी म्हणाले, "बेवड्यावानी चालतंय, आन् आमी ह्याच्या पाया पडलो!" सगळे हसले. ज्यांनी काल पायांवर डोके ठेवले होते, तेच आज अधिक मोठ्याने हसले. मुंजाजीला सर्व ऐकू येत होते, आणि सर्व समजतही होते.

रुख्मिणीने त्याचे पाय एकमेकांपासून दूर ठेवले. "डोळे उगडे ठिवा," ती म्हणाली, आणि वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला आली व त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. मुंजाजी डुलला. पडला नाही. मग गर्दीकडे पाहून त्याने एकेक शब्द ओढत आणला. "मी... रोज... काठी... मागत... व्हतो."

या वेळी कुणी हसत नव्हते, त्यामुळे ते सर्वांना समजले. ती दोघे बोरीच्या रस्त्याला लागली, परभणीच्या बससाठी.

वाचकहो, मेंदूला इजा झालेला माणूस झोकांड्या खातो तेव्हा त्याच्यात देव नसतो आणि दारूही नसते, दुखापत असते. तिला डॉक्टर, व्यायाम, काठी आणि पुष्कळ सबुरी लागते. हा माणूस कोणत्या बाजूला पडतो, हे आमचे सारे गाव डोळे फाडून पाहत होते. आपल्या गावात असा कुणी असेल तर आपणही तेच पाहा, आणि त्या बाजूला जाऊन उभे राहा.