सहादेवचा नारळ आणि पाताळाची बोअर

सहादेवनं दाखवलेल्या जागी पाणी लागलं नाही. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण सहादेवनं तर ते अजूनही ऐकलेलं नाही.

सहादेव मिरजगावच्या पलीकडल्या अंगाचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रान तुडवायचं, नारळ उभा राहिला की खाली पाणी. गेल्या साली मात्र नारळ जिथं जिथं उभा राहिला तिथून नुसता फुफाटा निघाला. शेवटी त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, चुलीपुढं बसून निकाल दिला, "आता एकच बोअर. तीबी कोरडी गेली तर नारळ फोडून आमटीत घालीन. मग फिरा रिकामा हात पसरून, लोक भाकरी तरी घालतील."

त्याच आठवड्यात गायरानात संशोधनवाल्या स्नेहल मॅडम आल्या. काळ्या पाषाणाच्या पार बुडाशी कोणता जुना दगड आहे, हे बघायला त्यांना काही किलोमीटर खोल बोअर घ्यायची होती. त्यांनी लाल झेंडीची खुंटी ठोकली. पहाटे सहादेव नारळ घेऊन पोचला. खुंटीपाशी नारळ निवांत लोळत राहिला आणि दोन कासरे पलीकडं ताडकन उभा राहिला! एवढी मोठी मशीन वाया जाणार, हे काही सहादेवला बघवेना. त्यानं खुंटी उपटून तिकडं रोवली, आणि ही बोअर आपल्या नारळाची, असं घरी-शेजारी सांगूनही टाकलं. गायरान सगळं सारखंच उघडंबोडकं. मशीन झेंडीपाशी येऊन थांबली.

मशीन सुरू झाली आणि गढूळ पाण्याचा लोंढाच वर आला.

"लागलं! तात्या, पानी लागलं!" शेजारचा भागवत बोंबलला. उभ्या उभ्या सहादेवला टॉवेल-टोपी झाली. लंकाबाईनं नारळाला हळदकुंकू वाहिलं.

"मामा, ते आमच्याच टँकरचं पाणी," मॅडम म्हणाल्या. "मशीन थंड राहावी म्हणून आत सोडतो, तेच परत येतंय."

भागवतनं टोपी काढून घेतली. "सासऱ्याची हाय, तात्या. लग्नातली."

महिने गेले. मुळ्यासारखे लांबडे दगड वर येऊन पेट्यांत निजू लागले, आधी काळे, मग तांबूस. एक दिवस मॅडम नाचायच्याच बाकी राहिल्या. "कुठं भेग नाही, थेंबभर पाणी नाही! मामा, अशी कोरडीठाक जागा शोधून सापडत नसते!"

खुंटीची गोष्ट सहादेवच्या अगदी जिभेवर आली. पण मागं लंकाबाई कोयता घेऊन उभी होती.

"आयकलं का, मॅडम काय म्हनत्यात?"

"त्यास्नी दगडातलं कळतं, पान्यातलं काय कळनार? आजून पन्नास फूट जाऊ दे."

"अवो, तीन किलोमीटर झालं! आता अमेरिकेत निघंल भोक!"

"मग तितं तरी लागंलच की."

कोयता वर गेला तसा सहादेव नारळ पोटाशी धरून पळाला, आणि दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर अर्ज पडला:

'विषय: बोअर वाढवून मिळणेबाबत. महोदया, अर्जदाराच्या मते पाणी अगदी तोंडाशी आलेले आहे. तरी सदर बोअर आणखी पन्नास फूट खाली न्यावी, आणि निर्णय होईपर्यंत अर्जदाराचे घरातील नारळ फोडण्यास स्थगिती देण्यात यावी, ही नम्र विनंती.'