भिंतीवरचा रॅम्प

मित्रांनो, रॅम्पची जागा जमिनीवर असते. मी एक जुना लाकडी रॅम्प आहे, पण मी भिंतीवर टांगलेला आहे. असे का झाले, ते सांगतो.

माझा जन्म एका कॉलेजच्या कार्यशाळेत झाला. तिथे सामाजिक न्यायासाठी काम करणारा विद्यार्थ्यांचा एक गट होता. त्यांची खोली मागच्या जुन्या इमारतीत, दोन पायऱ्या चढून गेल्यावर. गटातली एक मुलगी चाकाच्या खुर्चीवरून यायची. खुर्ची इतकी जोरात पळवायची, की सगळे तिला इंजिन म्हणत. पायऱ्यांपाशी मात्र इंजिन अडायचे. म्हणून तिच्या मित्रांनी प्लायवूड आणले, खाली लाकडी चौकट ठोकली आणि मला उभे केले. पहिल्या खेपेला मी फारच आखूड झालो. ती निम्म्यातूनच मागे घसरली.

"अरे गाढवांनो, ही घसरगुंडी आहे!"

मग गाढवांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. वीतभर चढायला बारा वीत लांबी लागते. मला जोड मिळाला, पाठीवर खरखरीत वाळूकागद मिळाला. दुसऱ्या खेपेला ती एका दमात वर गेली, कोणाचाही हात न लागता. दारात खुर्ची गर्रकन वळवून म्हणाली, "आता चहा कोण पाजतंय?"

ते माझे सुखाचे दिवस. इंजिनची चाके रोज माझ्यावरून जात. सफाईवाल्या मावशी बादल्यांची गाडी माझ्यावरून ढकलत. पाय मोडलेले ग्रंथपाल कुबड्या टेकत हळूहळू चढत. माझ्या पाठीवर चाकांच्या दोन करड्या रेघा उमटल्या. पुढे गटाने मोठा लढा दिला आणि कॉलेजने ग्रंथालयाला, प्रयोगशाळेला सिमेंटचे रॅम्प बांधले. मागची इमारत तेवढी राहिली. प्राचार्य म्हणाले, "तिथे तुमचा आहेच की!"

इंजिन पदवी घेऊन निघून गेली. मग कोणीतरी म्हणाले, "ज्याच्यापासून लढा सुरू झाला, तो असा पायाखाली पडलेला बरा दिसत नाही." मला घासून पुसून, रंग देऊन चकचकीत केले. तांबड्या रंगात 'दार सर्वांसाठी' असे लिहिले आणि बोल्ट ठोकून भिंतीवर उंच चढवले. मला तेव्हा अभिमान वाटला. चाकांच्या रेघा रंगाखाली गेल्या, हे माझ्याही उशिरा लक्षात आले.

तेव्हापासून एक प्रथा पडली. दरवर्षी नव्या कार्यकारिणीचे स्वागत माझ्यासमोर होते. नवे सदस्य टाचा उंचावून माझ्यावर हात टेकतात आणि शपथ घेतात, "कोणालाही दाराबाहेर ठेवणार नाही." टाळ्या होतात, फोटो निघतो.

यंदाच्या स्वागताला बाहेरून चाकांची करकर ऐकू आली. मी ती लगेच ओळखली. नवी निवडून आलेली एक मुलगी पायऱ्यांखाली थांबली होती. चौघे धावले.

"उचलू नका रे, मी काय सोफा आहे?" ती हसत म्हणाली. पण तोवर खुर्ची हवेत तिरकी झाली होती. तिने दोन्ही हातांनी दांडे गच्च धरले. आत आली तेव्हा ती हसत नव्हती.

शपथेची वेळ आली. तिचा हात माझ्यापर्यंत पोहोचेना. तिने मला खालून वरपर्यंत नीट पाहिले.

"दादा, हा रॅम्पच आहे ना?"

"हो. आपला वारसा आहे तो," अध्यक्ष म्हणाला.

"मग खाली काढा ना. पायऱ्यांवर टाकू."

एक उंच मुलगा स्टुलावर चढला. त्याने बोल्ट बोटांनी फिरवून पाहिला.

"गंजलाय. पाना लागेल."

"पुढच्या आठवड्यात आण," अध्यक्ष म्हणाला. "आधी फोटो घेऊ या."

पुढच्या आठवड्यात पाना आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "पाना?" आणि तो उंच मुलगा कपाळावर हात मारून घ्यायचा. मग तिला उचलून आणायचे, उचलून न्यायचे.

एके दिवशी बैठक आधीच सुरू झाली होती. बाहेरचा गोंगाट नको म्हणून दार लावलेले, सगळ्यांचे फोन बंद. विषय होता, नवे सदस्य गटात टिकत का नाहीत. बाहेर चाके करकरली आणि थांबली. तिने एकदा हाक मारली. आत सगळे एकदम बोलत होते. ती बराच वेळ थांबली. मग करकर हळूहळू लांब गेली. सचिवाने तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिले.

ती परत आली नाही.

मित्रांनो, वस्तू जपायची म्हणजे तिला पुसून उंच टांगायची नव्हे. माझ्यावर चिखलाची चाके जाऊ द्या, मी झिजून मोडलो तरी चालेल. पण माझे ऐकणार कोण? पुढच्या वर्षी पुन्हा स्वागत होईल. नवे, कोवळे हात माझ्यावर टेकतील, शपथ घेतील. त्यातल्या एकाही हातात पाना नसेल.