कडुलिंबाच्या पाल्यातल्या शेंगा

बेकरीच्या भट्टीवरचा नंबर मंगळवारी दुपारचा लागला आणि झुंबरच्या घरात शेंगदाण्याचा दाणा नव्हता.

साल अठ्ठ्याऐंशी, मे महिना. सामरवरणी या कंपन्यांच्या गावात कामगारांच्या चाळीतल्या बाया सुट्टीत बिस्किटं करवून आणायच्या. मैदा, साखर, डालडा घरून न्यायचा, बेकरीत मांडी घालून आपल्या हातानं मळायचं, आणि पाव निघाले की उरलेल्या आचेवर बेकरीवाला वसंतभाई पत्रे आत सरकवायचा. शेजारच्या लीलाताई शाळेत शिकवायच्या, मूळच्या कोकणातल्या. त्यांनी झुंबरला दाण्यांची बिस्किटं सांगितली होती. भाजलेले दाणे तेल सुटेपर्यंत पाट्यावर वाटून पिठात घालायचे, आणि साखरेच्या पाकात घोळवून कुटलेल्या दाण्यांचा जाडसर चुरा वरून दाबायचा.

झुंबरला ती करायचीच होती. मागच्या वर्षी तिनं साधी नानखटाई केली तेव्हा समोरची सरुबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "खानदेशची ना गं तू? मग ही पांढरी फटक कशाला? दाणे काय सगळे गावीच ठेवून आलीस?" बाया हसल्या होत्या. झुंबरही हसली होती, पण ते तिला वर्षभर सलत होतं.

दुकानातले दाणे खवट निघाले. नवा माल गुरुवारी येणार होता. मग तिला खाटेखालचं पोतडं आठवलं.

ते नारायणआबांचं, तिच्या सासऱ्यांचं. होळीला शेत विकून ते सुकदेवकडे, म्हणजे लेकाकडे, कायमचे राहायला आले तेव्हा गावाकडून एवढंच घेऊन आले होते. घेणाऱ्यानं शेतात केळी लावली होती. आबा त्या मंगळवारी सकाळीच जवळच्या खेरडी गावाला गेले होते, वाळू नावाच्या शेतकऱ्याकडे. तिकडे ते सारखे जायचे. कशाला, ते झुंबरनं कधी विचारलं नव्हतं.

तिनं पोतड्याची गाठ सोडली. वरच कडुलिंबाचा वाळलेला पाला होता. खाली शेंगा, सगळ्या सारख्या, भरलेल्या, एकेक निवडून घेतलेल्या. झुंबर शेतकऱ्याची लेक. खायच्या शेंगांत कोणी पाला घालत नाही, बियाण्यातच घालतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती क्षणभर थांबली. मग मनाशी म्हणाली, या कंपन्यांच्या गावात म्हातारा पेरणार तरी कुठं? आणि तिनं पाला झटकून शेंगा सुपात ओतल्या.

बिस्किटं झाली मात्र झकास. चुरा न जळता तांबूस झाला होता, दाताखाली कुडुम वाजत होता. लीलाताईंनी पाठीवर थाप मारली. सरुबाईनं तीन खाल्ली आणि म्हणाली, "बाई, मागच्या वर्षीचे शब्द परत घेते. चौथं दे!" वसंतभाईही गुजरातीत ओरडला, "बेन, हवे तुमेच दुकान खोलो!" आता तिनंच दुकान काढावं म्हणे.

झुंबर डबा डोक्यावर घेऊन मिरवतच घरी आली.

ऊन कललं तेव्हा आबा परतले. पाय धुळीनं माखलेले, चेहरा खुललेला.

"पोरी, वाळूनं बांधाकडचा तुकडा दिला बरं का! नांगरूनबी ठेवला. म्हणतो, पाऊस पडला की टाका तुमच्या शेंगा."

झुंबरच्या हातात बशी होती. ती तिनं तशीच पुढं केली. आबांनी अर्धं बिस्कीट तोडून तोंडात टाकलं, चावलं, आणि चावणं हळू झालं.

"दाणे कुठले गं?"

"दुकानातले," झुंबर म्हणाली.

आबांनी चुऱ्यातला दाण्याचा कण नखानं उकरून तळहातावर घेतला. बराच वेळ पाहिला. पोतड्याकडे त्यांनी वाकूनसुद्धा बघितलं नाही.

"चांगली झालीत," ते म्हणाले, आणि राहिलेला अर्धा तुकडाही त्यांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सुकदेव कामावरून आला आणि म्हणाला, "आबा, रविवारी पोतडं सायकलवर घेऊ. खेरडीला ठेवून येऊ."

झुंबरचा हात परातीतच थांबला.

"कसलं पोतडं!" आबा म्हणाले. "घुशीनं खाल्लं रे सगळं. एक शेंग ठेवली नाही."

"सगळं? आणि हिला आवाज नाही आला?"

"ती दिवसभर राबते. तिला काय विचारतोस?"

आता बोलावं, असं झुंबरला वाटलं. तोंड उघडलंही तिनं. पण सुकदेव तावातावानं पिंजरा मागायला बाहेर पडला, आणि तो परत आल्यावर त्यानं पिंजऱ्यात लावायला पाव मागितला तेव्हा तिनं पावाचा तुकडा दिला.

चौथ्या दिवशी पिंजऱ्यात खरोखरच एक घूस सापडली. सुकदेवनं चाळभर दाखवली. "हाच तो चोर! माझ्या बापाचं बियाणं खाणारा!" पोरंसोरं टाळ्या पिटू लागली. ओट्यावर बसलेले आबाही हसले, आणि हसता हसता त्यांची नजर दारात उभ्या झुंबरवर गेली. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला बोलता आलं असतं.

त्या पावसात वाळूनं त्या तुकड्यात नागली, म्हणजे नाचणी, लावली. त्याआधी, घरचं बाजारातून आणलेलं शेंगांचं बी देतो, असंही तो म्हणाला होता. आबा म्हणाले, नको. खेरडीला जाणं त्यांनी सोडलं. दिवसभर ओट्यावर बसून कामगारांच्या पाळ्या येता-जाता बघायचे. पुढं सहा वर्षं ते होते. रोज दोन वेळा झुंबरनं त्यांना ताट वाढलं, दुखण्यात पाय चेपले, आणि रोज ठरवलं की आज सांगू. ते गेल्यावर तेराव्याला सुकदेव पाहुण्यांना तो किस्सा सांगत होता, घूस केवढी होती ते दोन्ही हात पसरून दाखवत होता. झुंबर आत पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं, उंबऱ्यापर्यंत आली, आणि पाहुणे हसत होते म्हणून परत फिरली.