दुधाचा हात

“अगं बाई, काय झळाळी आलीये! अगदी वहिनींच्या हातचे वाटतायत,” शेजारची शिवणकामवाली ओव्हनमधून निघालेल्या सफरचंदाच्या पिळ्यांवर वाकून म्हणाली, आणि ‘झळाळी’ ऐकून लिफ्ट-मेकॅनिक चपापला.

त्याने ओट्याकडे पाहिलं. कपात घोटभर दूध, आणि त्यात ब्रश.

सगळं कसं सांभाळून केलं होतं बिचाऱ्याने! तयार पेस्ट्रीची गुंडाळी आणली, तीही दुकानात भिंग लावून, लोणी नाही, नुसतं तेलच आहे, याची खात्री करून. सफरचंदं साखर-दालचिनीत शिजवली, पट्ट्यांत भरली, पिळे घातले. जन्मभर लिफ्टच्या तारा ओढलेल्या हातांना ते काय जड! मग डोकं निवांत झालं आणि हाताने आपलं जुनं काम उरकून टाकलं. बायको होती तोवर सणाला स्वयंपाकघरात त्याला एवढंच करायला मिळे. भाजण्याआधी पिळ्यांवर दुधाचा हात फिरवायचा. बाकी कशाला शिवला की ती लाटणं उगारायची.

आणि लेक तर दूध, लोणी, तूप यांतलं काहीच खात नव्हती.

तिचं हे खूळ आईला कधीच पटलं नाही. पोर वाळून काडी झाली म्हणत एका सणाला तिने पिळ्यांत लोणी घातलं आणि वर “थेंबभरही नाही गं” म्हणून सांगितलं. पोरीने दोन खाल्ले. मग कचऱ्यात लोण्याचं पाकीट दिसलं. ती तशीच उठली, ती आई गेल्यावरच परतली. नंतर येई, बापाचं घर आवरून देई, पण पाण्यापलीकडे तोंडात काही घालत नसे. परवा मात्र फोनवर आपणहून म्हणाली, “बाबा, या सणाला तुमच्या हातचं खाईन.”

“अहो भाऊ, ब्रशभर दूध ते!” शिवणकामवाली कुजबुजली. “झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसा.”

त्यालाही तसंच वाटत होतं. पुन्हा करायला पेस्ट्री नव्हती, आणि बेल वाजलीच.

लेक आली, हात धुऊन टेबलाशी बसली. “अय्या, तुम्ही केलेत? शाबास, बाबा!” म्हणत तिने एक पिळा उचलला. शिवणकामवाली छताकडे बघत राहिली. घास ओठांशी गेला तसं त्याने लेकीचं मनगट धरलं.

“ठमे, ठेव ते. वरून दूध लावलंय मी. मुद्दाम नाही गं, सवयीने हात गेला.”

तिने पिळा ट्रेमध्ये ठेवला. शिवणकामवालीने ट्रे उचलला. “सणाचं आहे, सगळ्यांना वाटून येते,” म्हणाली आणि बाहेर पडली.

“रागावलीस?” त्याने विचारलं.

“नाही हो. तेव्हाही लोण्याचा राग नव्हता आला मला. डोळ्यांत डोळे घालून आई खोटं बोलली, त्याचा आला. एवढंच तिला सांगायचं होतं. भांडलो असतो, रडलो असतो, संपलं असतं. राहूनच गेलं.”

“तीही रोज फोन हातात घ्यायची नि ठेवून द्यायची. खाण तशी माती, दुसरं काय!”

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. त्याला उठून जवळ जावंसं वाटलं, पण जमलं नाही. मग तीच डोळे पुसून ओट्याशी गेली. पातेल्यात थोडी शिजलेली सफरचंदं उरली होती.

“यात?”

“साखर, दालचिनी, पाणी. शपथ.”

“शपथ कशाला घेता?” म्हणत ती उभ्या उभ्याच चमच्याने खायला लागली. घाईने, भुकेल्यासारखी. हे बघायला हिची आई हवी होती, असं त्याला वाटून गेलं. लेकीने तळाला लागलेलंही खरवडलं.

“बाबा, अजून आहे?”

“एक सफरचंद उरलंय. शिजवतो की,” तो म्हणाला आणि सुरी शोधू लागला. सुरी समोरच पडली होती. त्याला दिसायला वेळ लागला.