सापडल्यास कृपया

मी दोनशे सतरा नंबर बोलतोय. नाव म्हणाल तर मला नाही, नंबर आहे आणि तो पाठीवर ठळक लिहिलाय. तळहाताएवढा लाकडी तुकडा, अंगाला नारिंगी रंग. मला जन्माला घातलं तेच मुळी समुद्रात फेकण्यासाठी. तेव्हा लाडाकोडाची अपेक्षा मी पहिल्यापासूनच ठेवली नव्हती.

एका सरकारी प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात सुताराने आम्हा दोनशे चाळीस भावंडांना एका सकाळीच कापून काढलं. तिथल्या शास्त्रज्ञ बाईंचं काम मोठं विचित्र. समुद्रात कधी तेल सांडलंच तर ते कुठे जाईल आणि त्याला कसं अडवायचं, याची तयारी करायची. तेल तर अजून सांडलेलं नाही! शेजारणीने एकदा विचारलं, "तुम्ही दिवसभर नक्की करता तरी काय?" बाई म्हणाल्या, "काही होऊ नये म्हणून वाट बघते."

आता खरं तेल ओतून तर बघता येत नाही, म्हणून आम्ही. वारा आणि प्रवाह तेलाला जिकडे नेतील, साधारण तिकडेच आम्हालाही नेतात. आम्ही जिथे लागू, तिथे तेल लागणार.

आमच्या पोटावर काय लिहायचं, यावरून बाईंचं आणि साहेबांचं चांगलंच वाजलं.

"सापडल्यास त्वरित कळवावे. बास," साहेब म्हणाले.

"साहेब, ही नोटीस नाही. ज्याला सापडेल तो काही आपला नोकर नाही. 'कृपया' पाहिजे."

"दोनशे चाळीस वेळा कृपया? रंगारी पळून जाईल."

"मग मी लिहिते."

आणि बाईंनी खरंच लिहिलं. 'मी तेल नाही, तेलाची रंगीत तालीम आहे. सापडल्यास कृपया फोन करा. जागा आणि दिवस सांगा. मला ठेवून घेतलंत तरी चालेल.' खाली प्रयोगशाळेचं नाव आणि फोन नंबर. माझ्यापर्यंत येईतो त्यांचा हात भरून आला होता, त्यामुळे माझं 'कृपया' जरा वाकडं आहे. मला ते आवडतं.

मंगळवारी आम्हाला बोटीतून दूर तेलविहिरीपाशी नेलं. बाईंच्या कॉम्प्युटरने आधीच निकाल दिला होता की आम्ही सगळे उत्तरेला, दीपस्तंभाच्या किनाऱ्यावर लागणार. तिथल्या दुकानदारांना, फिरायला येणाऱ्या आजोबांना सगळ्यांना बाई सांगून आल्या होत्या. पुढच्या सोमवारी मोठी बैठक होती. तेल अडवायचे तरंगते बांध सरकारकडे एकच संच. तो उत्तरेला ठेवायचा की दक्षिणेच्या खाडीवर, ते त्या दिवशी कायमचं ठरणार होतं. खाडीत शिंपल्यांवर पोट भरणारी चाळीस घरं. तेल तिकडे गेलं आणि बांध इकडे राहिले, तर त्या घरांचं काय होणार ते सांगायला शास्त्रज्ञ नको.

बोटवाल्या काकांनी आम्हाला पाण्यात सोडलं आणि म्हणाले, "मॅडम, हे तर खाली दक्षिणेला चाललेत."

"थोड्या वेळाने वळतील, काका," बाई हसून म्हणाल्या.

आम्ही कसले वळतोय! वारा पाठीत ढकलत होता. मी दोन दिवस मजेत डुलत गेलो आणि लागलो तो थेट खाडीच्या चिखलात. भावंडंही आसपासच होती, पण बहुतेक गवतात अडकलेली. मला एका सासूबाईंनी शिंपल्यांबरोबर टोपलीत टाकलं आणि घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल एकदम शहाणं झालं. मी मात्र कासावीस. पोटावर एवढा निरोप लिहिलेला आणि पोटच जमिनीला टेकलेलं!

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सकाळी सून केर काढायला वाकली आणि तिने मला ओढून उलटा केला.

"आई, यावर फोन नंबर आहे. सरकारी दिसतंय."

"ठेव तिथेच. नसती भानगड नको. उद्या म्हणतील, आमचं लाकूड चोरलं."

"अहो पण 'कृपया' म्हटलंय."

"कोणी?"

"सरकारने. ते पण हाताने लिहून. बघा ना, वाकडं आहे."

सासूबाईंनी हात पुसून मला उजेडात धरलं आणि बराच वेळ बघितलं. "आपल्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं बाई," त्या म्हणाल्या. "लाव फोन."

दुपारी बाई धापा टाकत हजर. पाच दिवसांत उत्तरेहून एकही फोन आला नव्हता. त्यांनी टेबलावर लॅपटॉप उघडला, आकडे वरखाली केले आणि एकदम कपाळावर हात मारला.

भानगड अशी होती. वाऱ्याला नाव देतात ते तो येतो त्या दिशेचं आणि प्रवाहाचं सांगतात ते तो जातो त्या दिशेचं. बाई हे नवशिक्यांना घोकून घेत. पण नव्या प्रोग्रॅमला दोन्ही 'जातो कुठे' असेच हवे होते आणि बाईंनी वर्षभराचे वारे सवयीने 'येतो कुठून' असे भरले होते. उत्तरेहून येणारा वारा कॉम्प्युटरने उत्तरेला पाठवला. बाईंचं उत्तर चुकलं होतं, दोन्ही अर्थांनी!

सून म्हणाली, "आता ओरडा बसेल का हो तुम्हाला?"

"बसू दे," म्हणत बाईंनी तिथूनच फोन लावला. "साहेब, बांध खाडीवरच हवेत. उत्तर चुकलं."

"कोणाचं?"

"माझंच. उद्या बैठकीत मीच सांगते."

मला त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला. माणसं स्वतःची चूक दुसऱ्याच्या पायाखाली सारतात, हे मी खालून कितीदा पाहिलंय.

आज बांधांचा लांबलचक कंटेनर खाडीच्या धक्क्यावर उभा आहे. बाई दर महिन्याला येतात, बायकांना बांध पसरायला शिकवतात आणि सासूबाई त्यांनाच उलट ओरडतात, "ताई, वारा बघा आधी, येतोय कुठून!" मग सगळ्याजणी हसतात, बाईसुद्धा. मी पुन्हा टेबलाखाली आहे, पण आता पोट वर करून.

तुम्हालाही किनाऱ्यावर माझं एखादं भावंड भेटलं, तर तेवढा फोन करा. कृपया. आणि जाताजाता माझ्यासाठी एवढंच मागा, की मी जन्मभर रंगीत तालीमच राहो आणि खरा प्रयोग कधीच न होवो.