माझा आखूड डावा दांडा

मी बोलतेय ती भिंतीवरून. शर्यतीची जुनी सायकल आहे मी, सध्या बैठकीच्या खोलीत फोटोसारखी टांगलेली. पाहुणे म्हणतात, "काय चकाकतेय!" चकाकतेय खरी. तेच तर दुखणं आहे.

मला घडवणारा वेल्डर मालकांचा मित्र. मालकांचा डावा पाय जन्मापासून आखूड. चालू लागले की लोक वळून बघत. मित्राने दोन्ही पायांचं माप घेतलं आणि माझ्या डाव्या पायडलचा दांडा आखूड बनवला. "बस आता," म्हणाला, "बघू कोण लंगड्या म्हणतो ते!"

माझ्यावर बसले की मालक लंगडत नसत. माझं मोठेपण एवढंच. हलकी, चपळ वगैरे सगळं नंतरचं. शर्यतीच्या दिवशी मालकीणबाई माझ्या हँडलवर हात ठेवून डोळे मिटत आणि ते परत येईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. मालक चिडवत, "म्हणून तर जिवाच्या आकांताने पळवतो. घरी बायको तहानलेली!"

पुढे नोकरी, संसार. मी माळ्यावर धूळ खात पडले. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर मालक एकच धोशा लावून बसले, "मरायच्या आधी तिच्यावरून एक फेरी मारायचीय."

मुलाने ते मनावर घेतलं. वाढदिवसाला चकित करायचं म्हणून मला गुपचूप दुकानात नेलं.

"डावा दांडा छोटा कसा हो?" दुकानदाराने विचारलं.

"ओढाताणीचे दिवस होते, मिळेल तो बसवला असेल. दोन्ही एकसारखे टाका, भारीतले."

मी ओरडणार कशी? शर्यतीच्या सायकलीला घंटीसुद्धा नसते. माझा दांडा भंगारात गेला.

वाढदिवसाला मालक नवा शर्ट घालून चढले. डावा पाय खालपर्यंत पोचेना. भर गल्लीत, सगळ्यांदेखत आम्ही दोघं कोसळलो.

"बाबा, सवय गेली तुमची!" मुलगा धावला.

मालकांनी गुडघ्याची माती झटकली. "वय झालं रे. तू छान केलीस हं सायकल."

त्या संध्याकाळी मालकीणबाई कुजबुजल्या, "अहो, सांगा ना त्याला."

"एवढ्या हौसेने केलंय त्याने. राहू दे."

तेव्हापासून मी इथे. मुलगा जाता-येता बाहीने मला पुसतो, तेव्हा संताप होतो माझा. तरीही आशा त्याच्यावरच आहे. अरे, पुसतोस कसला? एकदा त्यांना विचार तरी, तो दांडा आखूड का होता. विचारलंस तर सांगतील. आपणहून बोलणाऱ्यांतले नाहीत ते.